खातरजमा

विन्स्कोटनहून पत्र आलंय,
फ्राउक्ये विअर्स्मा नावाच्या बाईंचं,
थेट रुम्फीच्या पोस्टमास्तरांना, म्हणजे मला.
अक्षर फळ्यावरचं असावं तसं, शब्द मोजून:
पेटी क्रमांक ४१७ कुणाची आहे?
तिथे माणूस आहे, की नुसतंच नाव?
आमच्या गल्लीने केक विकून तीनशे चाळीस युरो जमवलेत.
एकदा फसलो आहोत. राग मानू नका.

राग नाही आला.
दुधाने पोळलेलं तोंड ताकालाही फुंकर घालणारच,
आणि रुम्फीचं ताक त्यांनी कुठं पाहिलंय.

पेटी ४१७: उजवीकडे, खालून दुसरी रांग.
कुलूप गंजलेलं. भाडं दोन तिमाह्या थकलेलं.
एवढं मी लिहू शकतो. एवढं दफ्तरात आहे.

दफ्तरात नाही ते असं, की
शुक्रवारी अकराच्या सुमाराला एक तीनचाकी येते,
हाताने पेडल मारायची, साखळी करकरणारी,
आणि वोंगानी म्सोवोया नीलमोहराखाली थांबून ओरडतो,
"आहे का रे काही?"
आमच्या ऑफिसला सात पायऱ्या आहेत.
मी वरूनच मान हलवतो, बहुतेकदा नाही अशी.
काही असलंच तर उतरतो,
आणि सही टेबलावरच व्हावी असा नियम असल्यामुळे
रजिस्टरही माझ्या काखेतून उतरतं.

संस्थेचं नाव पाच शब्दांचं.
संस्थेत वोंगानी, त्याची बहीण लुसुंगू,
आणि एक वेल्डिंग मशीन, वीज असेल त्या दिवशी.

पण बाई, विचारलंच आहे तुम्ही तर,
शंका मलाही आली होती.
पत्रकावरची ती मुलगी, कुबड्यांवर, पुढचे दोन दात पडलेली,
सहा वर्षं झाली, तिचे दात काही येत नाहीत.
इकडे तेम्वा बाजारात मोबाइलचं रिचार्ज विकते,
सुट्टे कमी देते,
आणि भांडते ती चांगल्या बत्तीस दातांनी.

शिवाय पत्रकात लिहिलंय, बेचाळीस मुलं.
एका रविवारी मी मोजत फिरलो.
बाजारात, चर्चच्या ओट्यावर, नदीपलीकडे दोन.
एकोणीस भरली.
पुढच्या शुक्रवारी हातात काही नसताना पायऱ्या उतरलो.
बाकीची तेवीस?

तो चिडला नाही. लाजलाही नाही.
सीटखालून वही काढली, दमटपणाने फुगलेली.
नाव, गाव, पायाचं माप, पट्ट्याचं माप.
आठजण लिलाँग्वेला, कुणाकुणाच्या मामाकडे.
चौघांचा पत्ता त्यालाच ठाऊक नाही.
अकरांच्या नावापुढे नुसती तारीख.

"मेलेली मोजतोस?"
"जन्माची नोंद नव्हती रे त्यांची, मरणाचीही नाही.
इथून खोडली तर राहतील कुठे?"

शाळेत बेरजेचा हातचा मी करंगळीवर धरायचो,
कागदावर कुठेच नसायचा तो.
पण हे हिशेबात चालत नाही, वोंगानी.
सव्वीस वर्षं मी तिकिटं मोजतोय,
मला तरी हे शिकवू नकोस,
असं म्हणालो त्याला. वही मात्र दोन्ही हातांनी परत दिली.

तीन कागद फाडले उत्तराचे.
चौथ्यावर लिहिलं:
पेटी आहे. माणूस आहे.
तीनचाक्या चार बनल्या, मी पाहिल्या, एकीचा ब्रेक लागत नाही.
फोटो जुना आहे. आकडा एकोणीस धरावा,
बाकीच्यांचं त्यालाच विचारा, तो सांगतो.
थकलेलं भाडं कुणी भरलं ते लिहिलं नाही.

शिक्का मारताना खिडकीतून खाली लक्ष गेलं.
बाईंनी समुद्रापलीकडून त्याची शहानिशा केली, बरंच केलं.
या ऑफिसची अजून कुणी केलेली नाही.
दुपारी गवंड्याला बोलावलंय.
म्हणाला, सात पायऱ्यांवर उतार करायचा तर
नीलमोहरापर्यंत लांबेल, साहेब.
लांबू दे म्हटलं.